लढाई हरल्यावर युनिट बदलणं म्हणजे वरातीमागून घोडं

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एज ऑफ एम्पायर्स २ या स्ट्रॅटेजी गेममध्ये कॅसल एजला (तिसऱ्या टप्प्याला) नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, काढतो. समोरचा पाइकमन (लांब भाल्याचं पायदळ) काढतो, नाइट मरतात, म्हणून क्रॉसबोवर (धनुर्धाऱ्यांवर) जातो. क्रॉसबो जमेपर्यंत त्याच्याकडे स्कर्मिशर (धनुर्धाऱ्यांना मारणारे भालाफेके) आणि एक-दोन मँगोनेल (दगड फेकणारी यंत्रं) आलेले असतात. परत नाइटकडे वळावं तर पाइकमन तिथेच उभे. मग युनिट बदलायचं नेमकं कधी? स्टारक्राफ्ट २ मध्येही असंच होतं, तिथे हाच नियम लागतो का?

आधी उत्तर देतो, मग हिशोब. लढाई हरल्यावर बदल करायचा नाही. बरोबरीत असताना किंवा थोडं पुढे असताना करायचा, आणि तोही समोरच्याने तुमच्या युनिटच्या काउंटरवर, म्हणजे त्याला मारणाऱ्या युनिटवर, महागाचा खर्च करून झाल्यावर. पाइकमन दिसले एवढं कारण पुरत नाही. त्या पाइकमनमागे त्याचं काय अडकलंय, हे बघावं लागतं.

आता हिशोब. आकडे पॅचनुसार थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र बदलत नाही. नाइटवरून क्रॉसबोवर जायचं तर दोन आर्चरी रेंज (धनुर्धारी काढायच्या इमारती) लागतात, प्रत्येकी १७५ वुड. क्रॉसबोमन अपग्रेड १२५ फूड आणि ७५ गोल्ड. मग बाणांची अपग्रेड: फ्लेचिंग १०० फूड ५० गोल्ड, बॉडकिन ॲरो २०० फूड १०० गोल्ड. मग दहा क्रॉसबो, प्रत्येकी २५ वुड ४५ गोल्ड. बेरीज केली तर ६०० वुड, ४२५ फूड आणि ६७५ गोल्ड. ६७५ गोल्ड म्हणजे बरोबर नऊ नाइटचं गोल्ड.

वेळेचं गणित याहून कडू आहे. एका व्हिलेजरने (कामकऱ्याने) रेंज बांधायला ५० सेकंद, नंतर प्रत्येक रेंजमधून २७ सेकंदांना एक क्रॉसबो. दोन रेंजमधून दहा निघायला, सगळं वेळच्या वेळी दाबलं तरी, गेमच्या घड्याळात तीन मिनिटांहून जास्त जातात. तेवढ्या वेळात घोडेस्वार काढणाऱ्या दोन स्टेबलमधून बारा नाइट निघतात. म्हणजे बदल ठरवल्यापासून पुढची तीन मिनिटं तुम्ही मुद्दाम दुबळे असता. जुनं सैन्य कमी, नवं अजून नाही, आणि अपग्रेड ब्लॅकस्मिथमध्ये शिजतंय. लढाई नुकतीच हरलेल्या माणसाकडे ही तीन मिनिटं नसतात. पाइकमन आणि मागून येणारं बाकी सैन्य त्याच्या वुडलाइनवर (लाकूड तोडण्याच्या जागेवर) उभं असतं. म्हणूनच तुमचा बदल दर वेळी उशिरा पोहोचतो. युनिटची निवड चुकीची नाही, ते निवडण्याची वेळ चुकीची आहे.

समोरच्या बाजूने तोच हिशोब मांडून बघा. स्पिअरमनची (पाइकमनच्या आधीच्या रूपाची) किंमत ३५ फूड २५ वुड. पंधरा स्पिअरमन म्हणजे ९०० चा माल, पण त्यात गोल्ड शून्य. पाइकमन अपग्रेडला थोडं गोल्ड जातं, तेवढंच. तुम्ही ६७५ गोल्ड मोजून क्रॉसबोवर गेलात, आणि त्याने उत्तर म्हणून एक रेंज टाकून स्कर्मिशर काढले, प्रत्येकी २५ फूड ३५ वुड, परत गोल्ड शून्य. दोन बदलांत तुमचं गोल्ड संपलं आणि त्याचं साठत गेलं. इम्पिरियल एजला (शेवटच्या टप्प्याला) १००० फूड आणि ८०० गोल्ड लागतं. ते ८०० त्याच्याकडे आधी जमतात. हरलेली लढाई तुम्हाला दिसते, पण गेम बहुतेक वेळा इथे हातातून जातो.

म्हणून पहिली पारख ही: समोरचा काउंटर गोल्डचा आहे की बिनगोल्डचा?

बिनगोल्डच्या काउंटरमागे धावून युनिट बदलू नका. त्याने स्वस्तात उत्तर दिलंय, तुम्ही महागात पळताय. पाइकमनला नाइटविरुद्ध २२ चा बोनस आहे, समोरासमोर धडक दिलीत तर नाइट मरणारच. पण नाइटचा वेग १.३५ आणि पाइकमनचा १. पाइकमन नाइटला कधीच पकडू शकत नाही, तुम्ही त्याच्या अंगावर जाता म्हणून लढाई होते. चार-चारचे गट करून एक गट मागच्या गोल्डवर, एक वुडलाइनवर पाठवा. पाइकमन आले की निघा. याला मी बदल म्हणत नाही, तेच युनिट नीट वापरणं म्हणतो. शिकवताना मला दहातल्या सात वेळा हेच दिसतं: युनिट हरत नसतं, त्याला चुकीच्या जागी लढायला लावलेलं असतं. पाइकमन एका घोळक्यात चालत असतील तर जोडीला एक-दोन मँगोनेल टाका. मँगोनेल १६० वुड १३५ गोल्ड, सीज वर्कशॉप २०० वुड. हे सैन्य बदलणं नाही, सैन्यात भर घालणं आहे, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोल्डचा काउंटर असेल तर गोष्ट उलटी. समजा त्याने नाइटला उत्तर म्हणून कॅमल काढले, प्रत्येकी ५५ फूड ६० गोल्ड. आठ कॅमल म्हणजे ४८० गोल्ड, आणि ते घोडेस्वारांखेरीज फारसं कुणाला मारत नाहीत. इथे क्रॉसबोवर जाणं सोन्यासारखं. त्याचं ४८० गोल्ड एका झटक्यात बिनकामाचं होतं. कॅमल मुळात नाइटहून नाजूक, क्रॉसबोच्या बाणांपुढे टिकत नाहीत. मंकचंही (शत्रूची युनिट आपल्या बाजूला वळवणाऱ्या साधूचं) तसंच. एक मंक १०० गोल्ड. चार मंक दिसले की तुमच्या प्रत्येक नाइटच्या डोक्यावर टांगती तलवार, पण त्याचं ४०० गोल्ड त्यात अडकलंय. आणि मंकविरुद्धचा बदल सगळ्यात स्वस्त आहे: त्याच स्टेबलमधून लाइट कॅव्हलरी. १५० फूड ५० गोल्डचं अपग्रेड, ८० फूडला एक घोडा, गोल्ड शून्य. मंकवर बोनस, धर्मांतराला नाइटपेक्षा जास्त दाद न देणारी.

यातूनच दुसरी पारख निघते, आणि माझ्या मते ती सगळ्यात दुर्लक्षित आहे. नव्या युनिटला तुमची जुनी अपग्रेड किती लागू होतात?

ब्लॅकस्मिथमध्ये फोर्जिंग आणि आयर्न कास्टिंग पायदळ आणि घोडदळ दोघांना लागतात. चिलखत मात्र दोघांचं वेगळं. फ्लेचिंग आणि बॉडकिन आर्चर, स्कर्मिशर, कॅव्हलरी आर्चर या सगळ्यांना लागतात, शिवाय टॉवर, कॅसल, टाऊन सेंटर आणि गॅलीलाही. आर्चरचं चिलखतही या तिन्ही धनुर्धारी-भालाफेक्यांना एकच. ब्लडलाइन्स घोड्यावरच्या प्रत्येकाला २० एचपी (जीव) देते, म्हणजे कॅव्हलरी आर्चरलाही.

हे एकदा डोक्यात बसलं की कुठला बदल जवळचा आणि कुठला लांबचा हे आपोआप कळतं. नाइटवरून लाइट कॅव्हलरी म्हणजे शेजारच्या खोलीत जाणं. क्रॉसबोवरून स्कर्मिशर तसंच: तीच रेंज, तेच बाण, तेच चिलखत. कॅव्हलरी आर्चर हा मधला दुवा आहे, बाण एका बाजूचे आणि घोडा दुसऱ्या बाजूचा. क्रॉसबोवाला कॅव्हलरी आर्चर करत पुढे हुसारवर (लाइट कॅव्हलरीच्या पुढच्या अपग्रेडवर) गेला तर वाटेत कुठेच शून्यापासून सुरुवात होत नाही. पण नाइटवरून थेट क्रॉसबो हा सगळ्यात लांब उडी मारण्याचा प्रकार, काहीच बरोबर येत नाही. आणि समोरच्याने तोवर आर्चरचं चिलखत दोनदा वाढवलं असेल तर तुमचे बिनबॉडकिनचे क्रॉसबो त्याच्या स्कर्मिशरला गुदगुल्या करतात.

वारंवार बदलणाऱ्याचं सैन्य मिनिट ३० ला कसं दिसतं ते रिप्लेमध्ये बघा. अकरा नाइट, शेवटचं चिलखत नाही. आठ क्रॉसबो, बॉडकिन नाही. दोन मँगोनेल, पाच पाइकमन. एक ना धड भाराभर चिंध्या. समोर फक्त नाइट आणि स्कर्मिशर, पण दोन्हींची सगळी अपग्रेड झालेली. त्याच्यासमोर हे टिकत नाही, मग काउंटरचा तक्ता काहीही म्हणो.

आता व्हिलेजर. नाइटला फूड आणि गोल्ड लागतं, क्रॉसबोला वुड आणि गोल्ड. नाइटवरून क्रॉसबोवर जाताना गोल्डवाले जागेवरच राहतात, फार्मवाले इम्पिरियलचं १००० फूड आणि पुढचे व्हिलेजर पोसतात, फक्त वुड वाढवावं लागतं. त्यामुळे इकॉनॉमीच्या दृष्टीने हा बदल सोपा. उलट दिशा अवघड आहे. क्रॉसबोवरून नाइटवर जायचं तर बारा-पंधरा जास्तीचे फार्म हवेत, एक फार्म ६० वुड, म्हणजे बारा फार्मचे ७२०. शिवाय दोन स्टेबल आणि ब्लडलाइन्सचे १५० फूड १०० गोल्ड. हे सगळं एका दमात होत नाही, म्हणून लोक एक स्टेबल टाकतात, दोन नाइट निघतात, ते पुढे जाऊन मरतात, आणखी दोन निघतात. याला बदल म्हणत नाहीत, उधळपट्टी म्हणतात.

इथे एक छोटी गोष्ट सांगतो, जी मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी करायला लावतो. बदल करायचा विचार डोक्यात आला की आधी इमारत टाकू नका. टाऊन सेंटरचा गॅदर पॉइंट (नवे व्हिलेजर जिथे जातात ती जागा) हलवा. जुने व्हिलेजर उचलून इकडून तिकडे नेऊ नका, त्यांचा चालण्याचा वेळ वाया जातो आणि जुनं उत्पादन लगेच अडखळतं. नवे येणारे नव्या जागी जाऊ द्या. दोन-तीन टाऊन सेंटर चालू असतील तर दोन मिनिटांत दहा-चौदा व्हिलेजर नव्या कामाला लागलेले असतात. या दोन मिनिटांत मत बदललं तरी फारसं बिघडत नाही. इमारत आणि अपग्रेड त्यानंतर. आणि जुन्या स्टेबलमधलं उत्पादन तोपर्यंत चालूच ठेवायचं. बदल आधी बेरजेच्या रूपात यायला हवा. वजाबाकी नंतर, जुनं सैन्य लढून संपत जाईल तशी.

तयारी आहे की नाही हे बँकेवरून, म्हणजे शिल्लक मालावरून, कळतं. सगळ्या इमारती सतत चालू आहेत, व्हिलेजर निघतायत, आणि तरीही पाचशे-सहाशे वुड-गोल्ड वर उरतंय, तर नवी उत्पादनाची रांग सुरू करायला तुम्ही मोकळे आहात. स्टेबल रिकामे असल्यामुळे माल साठला असेल तर तो संकेत नव्हे, तो आळस. आधी ते भरा.

समोरच्याचं काय बघायचं? सैन्यापेक्षा त्याचा गोल्ड कॅम्प बघा. पाइकमन काढतोय आणि आठ-दहा जण गोल्डवर आहेत, तर ते गोल्ड कुठेतरी जाणार: इम्पिरियल, कॅसल युनिट, नाहीतर मागे लपवलेल्या दोन रेंज. गोल्डवर दोनच जण असतील तर तो सगळं फूड-वुडवर चालवतोय, आणि तेव्हा तुमच्या गोल्डच्या सैन्याने दाब वाढवायचा, बदलायचं नाही. शत्रूचं युनिट क्लिक केलं की त्याचा अटॅक आणि चिलखत अपग्रेडसकट दिसतं, अधिकचा आकडा वेगळा दाखवतात. लढाईच्या गडबडीत कुणी बघत नाही, पण तो एक आकडा सांगतो की त्याने कशावर पैसे टाकले आहेत.

आता स्टारक्राफ्ट २. हा गेम २०१० चा, तेव्हापासून टेरन विरुद्ध प्रोटॉस (गेममधल्या तीनपैकी दोन बाजू) सामन्यात एक बदल इतक्यांदा झाला आहे की तो या विषयाचा पाठच मानावा. प्रोटॉस कोलोसस काढतो, एक ३०० मिनरल २०० गॅसचा. कोलोसस इतका उंच की हवेत मारणारी युनिटही त्याला मारू शकतात, म्हणून टेरन व्हायकिंग (लढाऊ विमानं) काढतो, १५० मिनरल ७५ गॅस. तीन कोलोसस दिसले म्हणून टेरनने आठ व्हायकिंग काढले असं धरा. १२०० मिनरल, ६०० गॅस आणि १६ सप्लाय (सैन्याच्या कमाल मर्यादेतली जागा) त्यात अडकले. बरोबर याच क्षणी प्रोटॉस चौथा कोलोसस काढत नाही. हाय टेम्प्लरसाठीची इमारत टेम्प्लर आर्काइव्ह्ज १५० मिनरल २०० गॅस, त्यांचं हत्यार सायोनिक स्टॉर्म २०० मिनरल २०० गॅस, बस. गेटवे आधीच आठ-दहा आहेत. हाय टेम्प्लर त्याच गेटवेतून वॉर्प होतात, नवी उत्पादनाची इमारत बांधायची नाही. झीलटची (प्रोटॉसच्या पायदळाची) जमिनीवरची शस्त्र अपग्रेडही तशीच चालू राहतात.

दोन्ही बाजूंचा खर्च शेजारी ठेवा. प्रोटॉसने ३५० मिनरल ४०० गॅसमध्ये दिशा बदलली. टेरनचे १६ सप्लायचे व्हायकिंग आकाशात घिरट्या घालतायत. जमिनीवर उतरवता येतात, पण मरीनची (टेरनच्या पायदळाची) अपग्रेड त्यांना लागत नाहीत, आणि झीलटच्या घोळक्यापुढे ते दोन मिनिटंही टिकत नाहीत. टेम्प्लरविरुद्ध टेरनला आता घोस्ट हवेत, त्यासाठी अकॅडमी हवी, वेळ हवा. कोलोसस एकही न गमावता, एकही लढाई न हरता प्रोटॉसने बदल केला. किंबहुना कोलोसस जिवंत होते म्हणूनच व्हायकिंग इतके झाले. जे तीन कोलोसस आहेत ते पुढेही दाखवत राहायचं, म्हणजे टेरन व्हायकिंग बंद करायला कचरतो. बदल जितका उशिरा ओळखू येईल तितकी त्याची किंमत वसूल होते.

टेरनने यात काय करायचं? कोलोसस मोजून व्हायकिंग काढायचे, भीतीने नाही. आणि आठवा व्हायकिंग रांगेत टाकताना ऑर्बिटल कमांडवर एक स्कॅन (नकाशाचा तुकडा उघडून दाखवणारी शक्ती) राखून ठेवायचा, टेम्प्लर आर्काइव्ह्ज शोधायला.

झर्गचं (तिसऱ्या बाजूचं) गणित वेगळं आहे, कारण जवळजवळ सगळी युनिट हॅचरीवरच्या लार्व्यांतूनच (अळ्यांतून) निघतात. स्पायर (उडणाऱ्या युनिटची इमारत) २०० मिनरल २०० गॅस, झाली की सगळ्या हॅचरी एकदम म्युटालिस्क काढू शकतात. म्हणून झर्गचा बदल एकाच फटक्यात यायला हवा. १००० मिनरल आणि १००० गॅस साठवून दहा म्युटालिस्क एका वेळी. स्पायर पुरी झाल्यावर तीन काढले, मग चार काढले, तर समोरच्याला दर बेसला टरेट (उडणाऱ्यांना मारणारे बुरूज) टाकायला वेळ मिळतो आणि म्युटालिस्कचं काम तिथेच संपतं. शिवाय उडणाऱ्यांची अपग्रेड वेगळी असतात. रोच-हायड्रालिस्कसाठी तुम्ही मिसाइल अटॅक दोनदा केलं असेल, ते म्युटालिस्कला लागत नाही. म्हणून हा बदल सैन्य मारण्यासाठी नाही, समोरच्याला घरी बांधून ठेवण्यासाठी करायचा, आणि तोवर हाइव्हकडे (पुढच्या टप्प्याकडे) निघायचं. १९९८ च्या ब्रूड वॉरमध्येही (पहिल्या स्टारक्राफ्टच्या विस्तारात) झर्ग टेरनविरुद्ध म्युटालिस्कवरून लर्करवर आणि मग डिफाइलरवर जातो, त्यामागे हेच आहे: प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी वेळ विकत घेते.

२०० सप्लायला पोहोचल्यावर आणखी एक अडचण येते: नव्याला जागाच नसते. तेव्हा जुनं सैन्य फुकट मारू नका. समोरच्याच्या एखाद्या बाजूच्या बेसवर पाठवा, बेस पाडून मरू दे. फक्त त्याआधी नवी इमारत, अपग्रेड आणि बँक तयार असायला हवी. नाहीतर तेलही गेलं, तूपही गेलं.

काही वेळा मात्र बदलायचंच नाही. तुम्ही स्पष्ट पुढे असाल, समोरच्याचे काउंटर पाच-सहाच असतील, तर जे आहे तेच आणखी काढा आणि गेम संपवा. पुढे असताना हुशारी दाखवायला बदल करणारे लोक मी खूप बघितले आहेत, ते समोरच्याला तीन मिनिटं भेट देतात.

आणि शेवटचा बदल, जो एज ऑफ एम्पायर्सच्या प्रत्येक लांबलेल्या गेममध्ये येतो: गोल्ड संपल्यावर हुसार, हॅल्बर्डिअर (पाइकमनचं पुढचं रूप) आणि स्कर्मिशरवर जाणं. याला ट्रॅश म्हणतात, कारण युनिटला गोल्ड लागत नाही. पण अपग्रेडला लागतं, आणि बरंच लागतं. हुसारचं अपग्रेड ५०० फूड ६०० गोल्ड, हॅल्बर्डिअरचं ३०० फूड ६०० गोल्ड. गोल्डची खाण एका टाइलला ८०० देते. तुमच्या शेवटच्या कॅम्पजवळ दोन टाइल उरल्या असतील तर १६०० गोल्ड, म्हणजे एकवीस नाइट. त्या एकवीस नाइटच्या मोहात पडलात तर पुढच्या वीस मिनिटांत लाइट कॅव्हलरी घेऊन हुसारशी लढावं लागेल. दोन टाइल उरल्या की नाइटची रांग थांबवा, आधी १२०० गोल्ड या दोन अपग्रेडला घाला, आणि उरलेल्या ४०० चं काय करायचं ते मग ठरवा.